हडळींची यादी

आमच्या भावकीच्या वंशावळीत ३१२ पुरुष आहेत आणि बाई एकही नाही. अकरा पिढ्या. खोडाला फणस लागावेत तसे हे ३१२ जण थेट बापाला लागलेले. मी पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे झाड म्हटलं की मला आधी डेटा स्ट्रक्चर दिसतं. प्रत्येक नोडला एकच पालक. कॉम्प्युटरमधल्या झाडाला ते चालतं, माणसाला चालत नाही. आमच्या टीममधल्या एखाद्या नवीन पोरानं हे डिझाईन रिव्ह्यूला आणलं असतं तर मी पहिला प्रश्न विचारला असता, बाबा रे, अर्धा डेटा कुठाय?

तोच प्रश्न मी आमच्या अण्णांना विचारला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी गावाबद्दल. कर्जत. बटाटेवड्यासाठी गाडी थांबते ते नव्हे. आमचं नगर जिल्ह्यातलं, गोदड महाराजांचं कर्जत. कामिका एकादशीला रथ निघतो ते. राशीनची देवी आमच्या तालुक्यात, सिद्धटेकचा गणपती आमच्या तालुक्यात, रेहेकुरीची काळविटंही आमचीच. पाऊस तेवढा आमचा नाही. असो.

वंशावळीचं खूळ सध्या आमच्याकडे घरोघर आहे. २०२३ साली सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात सातबाऱ्यापलीकडे कागद वाचला नव्हता ती माणसं कोतवाल बुकं, गाव नमुना नंबर १४, शाळेची जुनी रजिस्टरं धुंडाळायला लागली. मोडी वाचता येणाऱ्याला एकदम भाव आला. (आरक्षण बरोबर की चूक हे इथे काढू नका. तो वेगळा विषय आहे आणि मला अजून दोन्ही बाजूंच्या घरी जेवायला जायचंय.) या निमित्तानं लोकांना आपल्या खापरपणज्याचं नाव कळलं हे चांगलंच झालं. आमचे अण्णा निवृत्त मास्तर. त्यांनी दीड वर्ष खपून, तहसीलच्या रेकॉर्ड रूमची धूळ खाऊन ही वंशावळ तयार केली. माणूस पक्का आहे. एका पणजोबाच्या जन्मसालावरून दोन महिने भांडत होते. म्हणून तर त्यांचं उत्तर मला जास्त लागलं.

अण्णा म्हणाले, "बायकांची नावं कुठून आणायची? नोंदीच नाहीत. बायकांचा इतिहास असतो का कुठं?"

हे वाक्य मी अण्णांकडूनच ऐकलेलं नाही. स्मरणिका काढणारे म्हणतात, गावाचा इतिहास लिहिणारे हौशी लोक म्हणतात, आणि चांगले शिकलेले लोक जरा सुधारून म्हणतात की 'साधनांची उपलब्धता नाही'. माझं म्हणणं असं आहे की हे साफ खोटं आहे. साधनं आहेत, ढिगानं आहेत, फक्त ती जिथे आहेत तिथे बघायची आपल्याला लाज वाटते.

उदाहरणार्थ, हडळी.

हसू नका. माझी एक थोरली आत्या आहे, वय ८६, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. लहानपणी आम्हांला ती हडळींच्या नावानं जेवायला घालायची. चिंचेखालची हडळ, बारवेवरची हडळ, वरच्या मळ्यातली हडळ. उलटे पाय, मोकळे केस, हिरवं लुगडं, आणि लहान लेकरावर डोळा. मागच्या उन्हाळ्यात मी सहज विचारलं, "आत्या, ती चिंचेखालची हडळ म्हणजे नेमकी कोण गं?"

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "कोण म्हंजी? तुह्या पणज्याच्या भावाची पहिली बायको. तिसऱ्या बाळंतपनात गेली. लेकरू आडवं आलतं."

"नाव काय होतं तिचं?"

"माहेरचं का सासरचं?"

मंडळी, जी नावं कुठल्याही नोंदीत नाहीत म्हणून अण्णांनी हात वर केले होते, त्यातलं एक नाव आत्याकडे दोन्ही आवृत्त्यांमध्ये तयार होतं. (नाव इथे देत नाही. त्या घरात अजून माणसं आहेत आणि ती हे वाचतात.)

आता हडळ कोण होते ते आठवा. मेलेली प्रत्येक बाई हडळ होत नाही. आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. तिचा जीव लेकरात अडकलेला असतो म्हणून ती दुसऱ्यांच्या लेकरांवर येते. म्हणून बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवायचा, म्हणून तिन्हीसांजेला तिला बाहेर सोडायचं नाही, म्हणून हडळीला शांत करायचं तर खणानारळानं ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या. भुताखेताचा भाग बाजूला काढा आणि उरतं काय ते बघा. कोणत्या घरातली, कितव्या बाळंतपणात, कोणत्या झाडाजवळ, कोणत्या विहिरीजवळ. हे गावाचं मातामृत्यूचं रजिस्टर आहे! सरकारी दप्तरात कारणाच्या रकान्यात 'ताप' लिहून मोकळे झाले असतील तिथे गावानं खरं कारण लक्षात ठेवलं. भीतीच्या भाषेत ठेवलं, कारण दुसरी भाषा बायकांना कुणी दिली नव्हती.

विहिरीवरच्या हडळींचं जरा वेगळं आहे. त्यांच्याबद्दल विचारलं की आत्या "पाय घसरला" म्हणते आणि विषय बदलते. रोज पहाटे अंधारात, दोन घागरी घेऊन, त्याच पायऱ्या चढउतार करणाऱ्या बाईचा पाय लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नेमका कसा घसरतो हे मला कळत नाही. म्हणजे कळतं. तुम्हांलाही कळतं.

आत्याला एकूण सात हडळी माहीत आहेत. सातपैकी पाच आमच्याच भावकीतल्या. अण्णांच्या झाडात या पाचही जणींचे नवरे आहेत, दोघींची मुलंही आहेत. त्या स्वतः चिंचेवर आहेत.

दुसरं साधन देव्हाऱ्यात आहे. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत देवांच्या टाकांबरोबर पूर्वजांचे टाक असतात. त्यात एखादा बाईचा टाक दिसला की चौकशी करा. पुष्कळदा ती घरातल्या पुरुषाची वारलेली पहिली बायको असते. दुसरी बायको करून आणली की तिनं पहिलीची पूजा करायची, काही ठिकाणी तर तिच्या नावाचा चांदीचा पत्रा गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा. का, तर सवतीनं त्रास देऊ नये. सोळा-सतरा वर्षांची पोरगी मेलेल्या बाईला गळ्यात घालून तिच्याच चुलीपुढे बसायची. एवढं भयंकर आणि एवढं माणसाचं चित्र मला कुठल्याही कादंबरीत सापडलेलं नाही. आणि नोंद म्हणून बघाल तर ती चांदीत आहे, कागदासारखी वाळवी लागत नाही. आमच्या देव्हाऱ्यात असा एक टाक आहे. मी लहानपणापासून त्याला हळदकुंकू लागताना पाहिलंय. तो कुणाचा, हे अण्णांनी दीड वर्षात देव्हाऱ्यासमोर बसलेल्या वहिनींना एकदाही विचारलं नाही. रेकॉर्ड रूम तहसीलला असते, देव्हारा घरात असतो, त्यामुळे तो रेकॉर्ड नव्हे!

तीच गोष्ट अविधवा नवमीची. पितृपंधरवड्यात नवऱ्याआधी गेलेल्या बायकांसाठी एक वेगळी तिथी राखून ठेवावी लागली. एक अख्खा दिवस. समाजाला एवढ्या मोठ्या प्रमाणावर तशी गरज पडत होती, हेच त्या तिथीतून कळतं. आणि काही घरांत नवरा वारला की ती तिथीही बंद करतात. म्हणजे बाईची आठवण ठेवायची मुदतसुद्धा नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेली.

इथे मला त्या व्हॉट्सअॅप निरोपाबद्दल बोललंच पाहिजे. तुम्हांलाही आला असेल. 'जुन्या बायका जात्यावर दळायच्या, म्हणून त्यांना सिझेरियन लागत नव्हतं.' खाली गुलाबाचं फूल. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो वर्षातून चारदा येतो, आणि दर वेळी पाठवणारा पुरुष असतो, ज्यानं जन्मात खुंटा धरलेला नाही.

सिझेरियन लागत नव्हतं हे बरोबर आहे. सिझेरियन करायला कुणी नव्हतं. लेकरू आडवं आलं की बाई चिंचेखाली जायची. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. जगात बहुतेक ठिकाणी बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, आपल्याकडे मात्र १९७०च्या दशकापर्यंत हे गणित उलटं होतं. त्यामागे पोटभर न खाणं, लागोपाठची बाळंतपणं, दुखणं अंगावर काढणं हे सगळंच होतं. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, भारतात ९७. हे आकडे खाली आले ते दवाखान्यातल्या बाळंतपणानं, रक्तपेढीनं, रात्री-अपरात्री गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरनं आणि आशाताईंनी. जात्यानं नाही. अनावश्यक सिझेरियन होतात का? होतात, त्यावर जरूर भांडा. पण त्यासाठी मेलेल्या बायकांना व्यायामाची जाहिरात करायला लावू नका.

आता जात्याचा हिशेब. आमच्या आत्याच्या सासरी चौदा माणसं खाणारी, ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर. पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं आणि तांबडं फुटेस्तोवर दळायचं. आपण कमीत कमी धरू, दिवसाला दोन तास. वर्षाचे ७३० तास. तिच्या गावात डिझेल इंजिनावरची गिरणी यायच्या आधी तिच्या सासूनं तीस वर्षं दळलं असं धरलं तर २१,९०० तास. आमच्या धंद्यात एका माणसाचे वर्षाला ढोबळमानानं २,००० तास धरतात. म्हणजे एका बाईची जवळजवळ अकरा मनुष्य-वर्षं नुसत्या पिठात गेली. यात पाणी नाही, सरपण नाही, शेण नाही, शेतातली खुरपणी नाही. ही फक्त एका प्रक्रियेची पहिली पायरी. पुढे भाकरी थापायची ती वेगळी.

मी आत्याला विचारलं, गिरणी आली तेव्हा काय वाटलं? म्हणाली, "काय वाटायचंय, देव आला वाटलं. लई दिस पहाटं जाग यायची मग. उठून बसायचे. काय करावं कळायचं नाही."

या वाक्यावर कुणी प्रबंध लिहायला पाहिजे. एका पिढीच्या सगळ्या बायकांना एका वर्षात रोजचे दोन तास परत मिळाले. रेल्वे कुठे कधी आली, साखर कारखान्याचा पहिला हंगाम कोणत्या साली झाला, हे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तारखेनिशी असतं. आमच्या नगर जिल्ह्याला साखर कारखान्यांचा अभिमान आहे, तो असावाच. पण आपल्या गावात पिठाची गिरणी कोणत्या साली आली हे तुम्ही सांगू शकाल का? माझ्या मते तालुक्याच्या इतिहासात ती तारीख धरणाच्या तारखेच्या शेजारी पाहिजे.

आणि जात्याबरोबर ओवी गेली. जात्याचं प्रेम ज्यांना येतं त्यांना हा मुद्दा फार आवडतो. ओव्या गोड होत्या, कबूल. पण त्या गोड होत्या म्हणून दळण बरं होतं असं होत नाही, जसं तुकाराम महाराज मोठे म्हणून दुष्काळ बरा होता असं होत नाही. पहाटेच्या त्या दोन तासांत घरातले पुरुष झोपलेले असायचे, जात्याची घरघर आवाज झाकायची आणि दोन बायका समोरासमोर बसलेल्या असायच्या. चोवीस तासांत तेवढीच एक जागा होती जिथे सासूबद्दल, माहेराबद्दल, भावाबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल बोलता यायचं. सीतेच्या निमित्तानं स्वतःबद्दल.

हे सगळं वाऱ्यावर गेलं का? नाही गेलं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा करून ठेवल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत पुस्तकांमागून पुस्तकं काढली. कमलाबाई देशपांड्यांनी तर स्त्रीगीतांवरच्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय' असं नाव दिलं. काय नाव आहे बघा! वेदांना लावायचं विशेषण उचलून जात्यावर ठेवलं, आणि शब्दशः खरं, कारण पुरुषानं रचलेलंच नाही. पुढे १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात बसून गावोगावच्या बायकांकडून ओव्या जमवायला सुरुवात केली. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. गाणारीचं नाव, गाव यासकट. २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियानं त्या लोकांसमोर ठेवल्यात, पुष्कळशा गाणारीच्या आवाजात. एक लाख! आणि आपण म्हणतो साधनं नाहीत.

लिहिलेलंही आहे, बरं का. नगरलाच १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्या निबंधात बाळंतपणाचा प्रश्न आहे, तोही डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईच्या बाळंतपणाचा. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२चं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं की असं काही होतं. मधली ९३ वर्षं पुस्तक कुठे चंद्रावर गेलं नव्हतं. कुणी शोधलं नाही, एवढंच.

आता जरा नाजूक विषय. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात, आमच्यापासून जवळ. सिद्धटेकचं देऊळ अहिल्याबाईंनीच बांधलं. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. मला त्याचा आनंदच आहे. एका जिल्ह्याला बाईचं नाव मिळतं ही लहान गोष्ट नाही. पण ज्या भावकीच्या ग्रुपवर ३१ मेला 'कर्तृत्ववान स्त्रीशक्तीस वंदन' असे पंचवीस फोटो येतात, त्याच भावकीला स्वतःच्या खापरपणजीचं नाव माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, याला मी वंदन म्हणत नाही. एका बाईचा पुतळा उभारला की बाकीच्यांची चौकशी संपली, असा हा मामला आहे.

आणि अहिल्याबाईंचंच चरित्र नीट वाचलं तरी हा प्रश्न समोर येतो. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिलं नाही, हे आपण शाळेत शिकतो. खंडेरावांच्या इतर बायका सती गेल्या, हे शिकत नाही. त्यांची नावं? त्यांची माहेरं? आणि १७९१ साली खुद्द अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई आईनं विनवण्या करूनही सती गेली. एवढी सत्ता हातात असलेल्या आईला मुलीला चितेपासून मागे ओढता आलं नाही. अहिल्याबाईंची थोरवी मला घाटांपेक्षा इथे जास्त कळते, आणि त्यांचा काळही.

आपल्याकडे गावाच्या कडेला, वीरगळांच्या शेजारी सतीचे दगड असतात. त्यावर बहुतेक वेळा बाई नसतेच. कोपरात वाकलेला हात, हातात बांगड्या, वर सूर्य-चंद्र. नवरा शेजारच्या दगडावर पूर्ण असतो, घोड्यासकट. पोरं त्या दगडांवर क्रिकेटची बॅग ठेवतात.

बरं, ही झाली जुनी गोष्ट. १९७२ची सांगतो. त्या दुष्काळात आमच्या तालुक्यातल्या किती घरांतल्या बायका खडी फोडायला गेल्या हे मोजायचं तर न गेलेल्या मोजणं सोपं. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती, आणि त्यात बायका प्रचंड. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी आठवणारे अजून आहेत. याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७चा, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात. तो कायदा उभा राहिला त्यात त्या हातोड्यांचा वाटा आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आत्या म्हणते, तोवर तिला पूर्ण नावानं कुणी हाक मारली नव्हती. घरात 'अगं', नाहीतर 'थोरली', गावात अमक्याची सून. पगाराच्या दिवशी मुकादमानं मस्टरवरून तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं मोठ्यानं पुकारलं तर ती उठलीच नाही. शेजारणीनं ढोसलं, "तुलाच बोलावतेत."

मस्टर हा आपल्याकडचा कदाचित पहिला असा कागद, ज्यात हजारो सामान्य बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या कामासाठी आली आणि त्यापुढे त्यांचा स्वतःचा अंगठा होता. जुनी मस्टरं नियमाप्रमाणे मुदत संपली की नष्ट होतात. ३१२ पुरुषांसाठी आम्ही रेकॉर्ड रूमची धूळ खाल्ली, त्या कागदांसाठी कुणी अर्जसुद्धा केला नसेल.

आता अण्णांकडे परत येतो, कारण खरं दुखणं मला फार उशिरा, आणि तेही तलाठ्याच्या कार्यालयात, दिसलं.

भावकीतल्या एका वारस नोंदीच्या कामासाठी जुने फेरफार काढले होते. त्यात एक फेरफार १९६०च्या दशकातला. आमच्या एका चुलत आजोबांचे वडील वारले तेव्हाचा. १९५६चा हिंदू वारसा कायदा झालेला, त्यामुळे वारसांत तीन मुलगे, दोन मुली आणि विधवा, सहाही जणांची नावं. मुलींची नावं सासरच्या गावासकट. सुंदर अक्षर. आणि त्याच्यापुढे काही महिन्यांनी दुसरा फेरफार. दोन्ही मुलींनी 'राजीखुशीनं' हक्क सोडला. अंगठे. मग तिसऱ्या पिढीत तसंच. चौथ्या पिढीत अंगठ्यांच्या जागी सह्या, बाकी तसंच. साडीचोळी दिली, पाठवणी केली, सातबारा साफ.

म्हणजे नोंदी होत्या. अण्णांनी पुरुषांसाठी जे फेरफार वाचले, त्याच कागदांवर या बायका होत्या. मास्तरांची नजर तिथून शंभरदा गेली असेल. ज्या भावकीला मुलींची नावं 'सापडत नाहीत', त्या भावकीनं त्याच मुलींना गाडी पाठवून बोलावून त्यांचे अंगठे घेतलेत. सही घेताना नाव माहीत असतं. झाड काढताना माहीत नसतं.

मी हे अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, भिंतीवर मुलींची नावं लावली तर उद्या त्यांची नातवंडं येतील, आमचा हिस्सा कुठाय म्हणून."

हे मात्र प्रामाणिक उत्तर होतं आणि त्याबद्दल मी अण्णांना मानतो. 'साधनांची उपलब्धता नाही' या वाक्याचं मराठीत भाषांतर केलं की हे वाक्य येतं. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, देशानं २००५ साली दिला, २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, बाप २००५ला जिवंत असो वा नसो. कायद्यानं दार उघडलं आणि भावकीनं वंशावळ आणून दाराला लावली. त्यामुळे या झाडात बायका नसणं हा विसराळूपणा आहे असं मला कुणी सांगू नये. उन्हाळ्यात बांध कोरतात तेव्हा कुणी विसरून कोरत नाही.

याला उत्तर म्हणून काही लोक मला सांगतात की आता सरकारनंच नियम केलाय, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी आईचं नाव लागतं, होईल हळूहळू. होईल, पुढच्यांचं होईल. मागच्यांचं कोण करणार? त्यांची नावं ज्या डोक्यांत आहेत ती डोकी ऐंशीच्या पुढची आहेत. आमच्याकडे सर्व्हर बंद व्हायच्या आधी बॅकअप घेतात. इथे तर एकच कॉपी आहे आणि तिला बीपी आहे.

म्हणून मी अण्णांच्याच एक्सेलची प्रत काढली आणि रकाने वाढवले. आई. आईचं माहेरचं नाव. माहेरचं गाव. बहिणी. आधीची बायको. किती बाळंतपणं, किती जगली. मृत्यूचं कारण. शेवटच्या रकान्यावर घरात भांडण झालं. एक चुलते म्हणाले, हे असलं लिहितात का, घराण्याची बदनामी होते. मी म्हटलं, तुम्ही तिला नव्वद वर्षं हडळ म्हणताय ती बदनामी नाही का?

माहिती कुठून मिळते म्हणाल, तर पुरुषांना विचारू नका, ते त्यांच्या आजोबांच्या कुस्त्या सांगतात. सुनांना कमी माहीत असतं, लेकींना जास्त, आणि सगळ्यांत जास्त आत्यांना, कारण त्या आपल्या घरातून बाहेर गेल्या आणि आठवणी बरोबर घेऊन गेल्या. 'इतिहास सांग' म्हटलं तर कुणी सांगत नाही. हा टाक कुणाचा? नवमीला कुणाचं पान वाढतात? हे लुगडं कुणाचं होतं? या विहिरीवर एकटं का जायचं नाही? असं विचारलं की बोलतात. कुणाच्या नावात धोंडी, दगडी, नकुसा असं आलं तर थांबून विचारा की ही कितवी मुलगी. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकोशा मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, म्हणजे हे काही फार जुनं नाही.

अण्णांची वंशावळ आता फ्लेक्सवर छापून यात्रेला लावायचं ठरलंय, बारा बाय आठ, मध्ये वडाचं झाड. वर्गणी मागायला चुलतभाऊ पुण्याला आला होता. मी दिली नाही. त्याला सांगितलं, आईचा एक रकाना घाल, दुप्पट देतो. म्हणाला, विचारून सांगतो. दोन महिने झाले, अजून विचारतोय.

माझ्या फाईलमध्ये सध्या १४७ बायका आहेत. त्यातल्या ६१ फेरफारांतून, पाच हडळींतून, एक टाकातून, बाकी आत्यानं दिलेल्या. पुढच्या शनिवारी मिरजगावच्या बाजूला जातोय. तिथे एका बारवेवर आमच्यातलीच एक आहे म्हणे.